पालिकेचं कामगार धोरण: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता (वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा) लागू झाल्या. त्यामुळे नगरपंचायती, नगरपरिषदा आणि महापालिकांना आपले जुने ठराव, परिपत्रकं आणि निविदेच्या अटी पुन्हा वाचाव्याच लागणार आहेत. या विषयावरची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रं कुणाचीही असोत, नगरसेविकेची, लिपिकाची की घंटागाडीवरच्या ताईंची, अडचण फिरून एकाच ठिकाणी येते. पालिकेचं रोजचं काम करणारा मोठा वर्ग तिच्या आस्थापनेच्या यादीत नसतो. तो ठेकेदाराच्या यादीत असतो, आणि ती यादी पालिकेत कुणी नीट पाहिलेली नसते.

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेने कामगारविषयक धोरणाच्या आढाव्यासाठी समिती नेमली आहे. मी तिची सदस्य आहे. पहिल्या बैठकीत काय मागवावं? (नगरसेविका, सातारा जिल्हा)

कायद्याची पुस्तकं नंतर उघडा. आधी एकाच महिन्याच्या पाच याद्या मागवा : मंजूर आकृतिबंध (पदांचा आराखडा) आणि भरलेली पदं, हजेरी शेडवरचं हजेरीपत्रक, ठेकेदाराचं वेतनपत्रक, भविष्य निर्वाह निधीचा ईसीआर (कामगारनिहाय भरण्याचं मासिक विवरणपत्र), आणि कामगारांच्या खात्यांत गेलेल्या रकमांची बँकेकडची यादी. महिना मागच्या तिमाहीतला निवडा. चालू महिन्याची कागदपत्रं अपुरी असतात आणि तेच कारण पुढे केलं जातं.

या पाचही याद्या यूएएन क्रमांकावरून (निधीसाठी प्रत्येक कामगाराला मिळणारा कायम क्रमांक) एका तक्त्यात जुळवा. दोनशे-अडीचशे कामगारांचं हे काम एक लिपिक दोन-तीन दिवसांत करतो. त्यातून चार प्रकारची माणसं समोर येतात. काहींची नावं हजेरीत असतात पण ईसीआरमध्ये नसतात, म्हणजे त्यांचा निधी भरलाच जात नाही. काही ईसीआरमध्ये असतात पण हजेरीत कधीच दिसत नाहीत. काहींच्या वेतनपत्रकावरची रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम वेगळी असते. चौथा प्रकार सहज सुटतो : हजेरीपत्रकात २६ दिवस आणि ईसीआरच्या ‘एनसीपी’ रकान्यात १० दिवस. हा रकाना बिनपगारी दिवसांचा असतो. कामगार महिनाभर राबला, पण निधी कार्यालयाला तो दहा दिवस गैरहजर होता असं कळवलं गेलं आणि त्याची वर्गणी तेवढी कमी झाली. एकूण रकमेची पावती जोडलेली असली की लेखा विभाग समाधानी असतो, म्हणून ही चोरी वर्षानुवर्षं चालते.

हा तक्ता हातात आल्यावर ठराव, शासन निर्णय, युनियनशी झालेले करार आणि चालू निविदा एकत्र करा आणि प्रत्येक बाबीसमोर लिहा : हे बदलणं आपल्या हातात आहे की राज्य सरकारच्या? नवी पदं, वेतनश्रेणी आणि सेवाप्रवेश नियम यांना शासनाची मंजुरी लागते. पदनिर्मितीचा प्रस्ताव गेला की आस्थापना खर्च (पगार-भत्त्यांवरचा खर्च) ३५ टक्क्यांच्या आत आहे का, हा पहिला प्रश्न येतो. मात्र निविदेतल्या अटी, सुरक्षा साधनं, हजेरीची पद्धत, वेतनचिठ्ठी, तक्रार समिती, हजेरी शेडमधल्या सोयी आणि महिलांसाठीची व्यवस्था हे सगळं तुमच्या सभागृहात ठरतं. पदांचा प्रस्ताव वरून परत आला म्हणून अख्खा आढावा गुंडाळून ठेवू नका.

समितीवर मुख्याधिकारी, लेखापाल, स्वच्छता निरीक्षक आणि युनियनचा प्रतिनिधी असतोच. त्यांच्याबरोबर ठेक्यावरचे किमान दोन कामगार घ्या, त्यातली एक स्त्री. बैठकीचा वेळ कामाचा धरला जाईल आणि समितीवर असताना त्यांची बदली किंवा कपात होणार नाही, हे नेमणुकीच्या ठरावातच लिहा. तसं नसेल तर ते येतात, गप्प बसतात आणि सही करून जातात.

कामाला तीन-चार महिने धरा आणि खर्चाचे आकडे डिसेंबरअखेर तयार ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक आकाराला येतं. त्यानंतर आलेल्या शिफारशींसाठी तरतूद नसते आणि वर्ष हातचं जातं.

प्रश्न : चार संहिता आल्यावर जुने कायदे, जुने नियम, किमान वेतनाचे जुने दर सगळे रद्द झाले का? पत्रव्यवहारात आता कोणता कायदा लिहायचा? (आस्थापना लिपिक, नगरपंचायत)

किमान वेतन कायदा १९४८, वेतन प्रदान कायदा १९३६, कंत्राटी कामगार कायदा १९७०, औद्योगिक विवाद कायदा १९४७ यांच्यासह २९ केंद्रीय कायदे या संहितांत सामावले गेले. त्यांच्याखाली काढलेले नियम आणि अधिसूचना संहितेशी विसंगत नाहीत तोवर चालू राहतात. त्यामुळे राज्याने स्थानिक प्राधिकरणांतल्या कामासाठी ठरवलेले किमान वेतनाचे दर आणि दर सहा महिन्यांनी जाहीर होणारा विशेष भत्ता तुम्हाला आजही पाळायचा आहे. ‘नवा कायदा आला, जुना दर संपला’ असं कुणी ठेकेदार सांगत असेल तर ते चूक आहे. पत्रात संहितेचं नाव लिहा आणि दरासाठी अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक द्या. राज्याचे नियम कामगार विभागाच्या अधिसूचनांतून दर तिमाहीला तपासत राहा आणि धोरणाच्या मसुद्यावर ‘अमुक दिनांकापर्यंतच्या तरतुदींनुसार’ असा उल्लेख ठेवा.

पालिकेच्या दृष्टीने मोठे बदल थोडे आहेत, पण वजनदार आहेत. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, आणि काम सुटल्यावर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. तिच्यात दोन्ही बाजू समसमान, एकूण सदस्य दहाच्या आत, आणि निर्णय ३० दिवसांत.

कंत्राटी कामगारांच्या प्रकरणाबद्दल सावध राहायला हवं. व्यावसायिक सुरक्षा संहितेचं हे प्रकरण ५० किंवा अधिक कंत्राटी कामगारांना लागू होतं. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला तिने मनाई केली आहे. झाडलोट आणि कचरा संकलन मुख्य कामात धरलं जात नाही, पण एका अटीवर : आस्थापना त्याच कामासाठी उभी केलेली नसावी. नगरपरिषद अधिनियम १९६५ नुसार रस्त्यांची सफाई हे नगरपरिषदेचं आवश्यक कर्तव्य आहे. मग पालिकेला ही सूट मिळते का, हा प्रश्न उद्या न्यायालयात विचारला जाणारच. नेहमीच ठेक्याने होणारी कामं, दिवसभर पूर्ण वेळ माणूस न लागणारी कामं आणि अचानक वाढलेलं काम, अशा अपवादांवर पालिका बोट ठेवू शकते, पण ती कारणं आधी नोंदलेली हवीत. म्हणून ठेका देण्यापूर्वी ठरावात एक परिच्छेद लिहा : हे काम ठेक्याने का, किती काळ आणि कोणत्या अपवादाखाली. नुसतं ‘मनुष्यबळ अपुरे असल्याने’ लिहिलेले ठराव आढाव्यात बाजूला काढा आणि दुरुस्त करा.

प्रश्न : ठेकेदार सांगतो, पालिकेने बिल दिलं की पगार करतो. पालिका सांगते, आमचा करार ठेकेदाराशी आहे. दोन-दोन महिने पगार नाही. धोरणात काय लिहून घ्यावं? (युनियन प्रतिनिधी, घनकचरा विभाग)

कायद्याचं उत्तर स्वच्छ आहे. ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ते देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे पालिकेवर येते. दिलेली रक्कम ती ठेकेदाराच्या बिलातून किंवा अनामतीतून वसूल करू शकते. १९७० च्या कायद्यात हे होतं आणि संहितांतही आहे. भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतही ठेकेदाराकडच्या कामगारांची वर्गणी भरली जाण्याची अंतिम जबाबदारी मुख्य मालकाचीच आहे. तेव्हा ‘आमचा करार ठेकेदाराशी’ हे वाक्य कामगाराच्या अर्जावर शेरा म्हणून चालणार नाही. वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे.

तरी दर महिन्याला दावा लावून घर चालत नाही. उशिराचं मूळ बिलाच्या रचनेत असतं. वेतन, डिझेल, वाहनदुरुस्ती आणि नफा सगळं एकाच बिलात येतं. कचऱ्याच्या वजनावरून किंवा फेऱ्यांवरून वाद झाला की सगळंच बिल अडतं, आणि वाहनाच्या वादापायी झाडूवाल्या बाईचा पगार थांबतो. म्हणून निविदेत वेतनाचं बिल वेगळं काढायला लावा. ते हजेरीवरून १ तारखेला तयार होईल, स्वच्छता निरीक्षक ३ तारखेपर्यंत तपासेल आणि ७ तारखेच्या आत रक्कम थेट कामगारांच्या खात्यात जाईल. फेऱ्यांचा आणि दंडाचा हिशेब दुसऱ्या बिलात होऊ द्या. ठेकेदारावरचा दंड वेतनाच्या बिलातून कापता येणार नाही, असं स्पष्ट लिहा. शिवाय ठेकेदाराची दोन महिन्यांच्या वेतनाइतकी बँक हमी ठेवा, म्हणजे तो पळाला तरी पालिकेला तिजोरीत हात न घालता पगार करता येतो.

पुढच्या महिन्याचं बिल घेताना मागच्या महिन्याचा कामगारनिहाय ईसीआर आणि भरणा पावती जोडायला लावा. भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख आहे, म्हणून ‘त्याच महिन्याची पावती’ मागणारी अट पाळताच येत नाही आणि हळूहळू सगळेच तिच्याकडे दुर्लक्ष करतात. पाळता येईल अशी अट लिहा आणि ती सोडू नका.

आणखी एक गोष्ट नेहमी घडते. पगार खात्यात पूर्ण जमा होतो, पण एटीएम कार्ड मुकादमाकडे असतं आणि दोन-तीन हजार परत काढून घेतले जातात. कागदावर हे कधीच दिसत नाही. कार्ड किंवा पासबुक ताब्यात ठेवणं हे ठेका रद्द करण्याचं कारण म्हणून लिहा, प्रत्येकाला मराठीत वेतनचिठ्ठी द्या, आणि कामगार कल्याण अधिकाऱ्याने दर महिन्याला वीस कामगारांशी मुकादमाच्या गैरहजेरीत बोलून नोंद ठेवावी. युनियननेही आपल्या बाजूने एक काम करावं. प्रत्येक सदस्याचा यूएएन त्याच्याच मोबाइल क्रमांकाला जोडलेला आहे का ते पाहा. बऱ्याच वेळा तिथे ठेकेदाराच्या कार्यालयातला क्रमांक असतो, मग जमा-खर्चाचा संदेश कामगारापर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : शहरात सफाईच्या ६० बीट (एकेका कामगाराला नेमून दिलेले भाग) आहेत, सातही दिवस काम. निविदेत ६० कामगार धरले आहेत. साप्ताहिक सुट्टी दिली की बीट रिकामी राहते, म्हणून सुट्टी दिली जात नाही. शिवाय दरवेळी अंदाजपत्रकीय दरापेक्षा २०-२५ टक्के कमी दराची निविदा येते. हिशेब कसा करावा? (आरोग्य विभागातील अभियंता)

सुट्टी न मिळण्याचं कारण मुकादमाचा स्वभाव नाही, तुमचा आकडाच चुकला आहे. ६० जागा गुणिले ३६५ दिवस म्हणजे वर्षाला २१,९०० मनुष्यदिवस लागतात. एका कामगाराला ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा जाता ३१३ दिवस उरतात. वीस दिवस कामामागे एक दिवस या हिशेबाने अंदाजे १५ दिवसांची भरपगारी रजा आणि राष्ट्रीय-सणांच्या ८ सुट्ट्या धरल्या तर २९० दिवस उरतात. २१,९०० भागिले २९० म्हणजे ७५.५. तुम्हाला ७६ माणसं लागतात आणि तुम्ही ६० धरली आहेत. उरलेल्या १६ माणसांचं काम आज ते ६० जण आपली सुट्टी आणि रजा सोडून करत आहेत, आणि त्याचा जादा कामाचा दुप्पट मोबदलाही त्यांना मिळत नसणार. आढाव्यात हा आकडा मांडला की सभागृहाला खर्चाचं कारण सांगावं लागत नाही, ते दिसतं.

आता एका माणसाचा महिन्याचा खर्च. समजा मूळ किमान वेतन आणि विशेष भत्ता मिळून २०,००० रुपये होतात. (हा आकडा फक्त उदाहरणाचा. तुमच्या परिमंडळाचा आणि कौशल्यश्रेणीचा चालू दर घाला.) भविष्य निर्वाह निधी १५,००० च्या वेतनमर्यादेवर धरला तर मालकाचे १२ टक्के, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून १३ टक्के, म्हणजे १,९५०. कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असेल तिथे मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे ६५०. ठेकेदाराकडच्या पात्र कामगाराचा बोनस ८.३३ टक्क्यांनी १,६६६. उपदानासाठी (ग्रॅच्युइटी) ४.८१ टक्के, म्हणजे ९६२. बेरीज २५,२२८ रुपये. गणवेश, हातमोजे, बूट, झाडू, ढकलगाडी आणि ठेकेदाराचा सेवाशुल्क याच्यावर.

यातला प्रत्येक रुपया कायद्याने ठरलेला आहे. मग त्यावर २० टक्के कमी दर येतो म्हणजे काय होतं? २५,२२८ चे २०,१८२ होतात. एवढ्यात वेतन तेवढं निघतं, बाकी काही निघत नाही. साधनं आणि नफा त्यातूनच काढायचा असतो, म्हणून वेतनालाच कात्री लागते. अशी निविदा मंजूर करताना पालिकेला हे ठाऊक नसतं असं म्हणता येणार नाही. उपाय एकच आहे : वेतन आणि त्यावरचे वैधानिक भरणे हा भाग स्पर्धेबाहेर काढा. निविदाकाराने दर भरायचा तो फक्त सेवाशुल्कावर आणि साधनसामग्रीवर. सेवाशुल्कालाही एक किमान टक्का ठेवा, नाहीतर शून्य सेवाशुल्काच्या निविदा येतात आणि ठेकेदाराची कमाई पुन्हा कामगाराच्या खिशातूनच निघते.

विशेष भत्त्याचं कलम विसरू नका. ठेका तीन वर्षांचा असतो आणि भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. ‘दर संपूर्ण मुदतीसाठी स्थिर राहील’ अशी जुन्या नमुन्यातली ओळ तशीच राहिली तर दुसऱ्या वर्षी कामगाराला किमान वेतनाखाली काम करावं लागतं. त्याऐवजी ‘भत्त्यातील वाढ अधिसूचनेच्या दिनांकापासून, वैधानिक भरण्यांसह, पालिका वेगळी अदा करील’ असं लिहा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात राखीव रक्कम ठेवा.

प्रश्न : कायम कर्मचाऱ्यांना दिवाळीला सानुग्रह अनुदान मिळतं. ठेक्यावरच्या कामगारांनी मागितलं तर ‘पालिकेला बोनस कायदा लागू नाही’ असं उत्तर येतं. बरोबर आहे का? (ठेका कामगार, पाणीपुरवठा विभाग)

अर्धं बरोबर आहे. स्थानिक प्राधिकरणाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना बोनसच्या तरतुदी लागू नाहीत, म्हणूनच त्यांना ‘सानुग्रह अनुदान’ दिलं जातं आणि त्याची रक्कम दरवर्षी ठरवावी लागते. पण तुमचा मालक ठेकेदार आहे आणि त्याला ही सूट नाही. त्याच्याकडे २० किंवा अधिक कामगार असतील, तुम्ही वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल आणि वेतन मर्यादेत बसत असेल, तर किमान ८.३३ टक्के बोनस हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. निविदेच्या दर विश्लेषणात ही रक्कम धरलेली होती का, ते माहितीच्या अधिकारात मागवा. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर येतं. धरलेली असेल तर पालिकेने ती ठेकेदाराला दिलेली आहे आणि ती तुमच्यापर्यंत आलेली नाही.

प्रश्न : आमच्याकडे १५ ते २० वर्षं काम करणारे ३८ रोजंदारी कामगार आहेत. त्यांना कायम करण्याचा ठराव नगरपरिषदेने केला तर पुरेल का? (माजी नगराध्यक्ष, विदर्भ)

पुरणार नाही. नुसत्या ठरावाने पद निर्माण होत नाही, आणि मंजुरीशिवाय दिलेलं कायमपण लेखापरीक्षणात अडकतं. मग वसुलीची नोटीस त्या कामगारालाच येते. उमादेवी प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका नियमित करायला नकार दिला. मात्र मंजूर पदांवर, पात्रता असलेल्या आणि दहा वर्षं न्यायालयीन आदेशाविना काम केलेल्या लोकांसाठी एकवेळची वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली होती. पुढे तो निकाल कामगारांना कायमचं ताटकळत ठेवण्यासाठी ढालीसारखा वापरला जाऊ लागला. डिसेंबर २०२४ मधला जग्गो निकाल आणि जानेवारी २०२५ मधला गाझियाबाद महानगरपालिकेच्या माळ्यांचा श्रीपाल निकाल, दोन्हींत सर्वोच्च न्यायालयाने या वापराबद्दल स्पष्ट नापसंती दाखवली. कायमस्वरूपी काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या माणसांकडून करून घेणं मान्य नाही, हा त्यांचा सूर आहे.

तेव्हा ठरावाच्या आधी प्रस्ताव बांधा. ३८ जणांची ज्येष्ठता यादी, पहिल्या दिवसाचा पुरावा (जुनी हजेरीपत्रकं, व्हाउचर, ओळखपत्र), वर्षनिहाय कामाचे दिवस, शिक्षण, आरक्षणाचा तपशील, आकृतिबंधातली रिक्त पदं आणि पाच वर्षांचा खर्च हे सगळं जोडून नगरपरिषद प्रशासन संचालनालयामार्फत शासनाकडे पाठवा. सगळ्यात आधी जुनी हजेरीपत्रकं जपा. ‘नाश करावयाचे अभिलेख’ म्हणून ती रद्दीत गेली की कामगाराची वीस वर्षं पुसली जातात.

प्रस्ताव चालू असताना दोन गोष्टी तुमच्याच हातात आहेत. सेवा सलग दिसू नये म्हणून २९ व्या, ८९ व्या दिवशी दिला जाणारा कृत्रिम खंड थांबवा. आणि कायम कामगाराइतकंच काम करणाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीचं किमान मूळ वेतन द्या. पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग (२०१६) या निकालाने तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामासाठी हा हक्क दिला आहे.

हे सगळं पालिकेने थेट नेमलेल्या रोजंदारांबद्दल झालं. ठेकेदाराकडच्या कामगारांना ठेका बेकायदा ठरला तरी आपोआप सामावून घेतलं जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या स्टील ऑथॉरिटी निकालात ठरलं. तिथे ठेका केवळ दिखाव्याचा आहे का, हे औद्योगिक न्यायाधिकरण तपासतं : काम कोण सांगतं, रजा कोण मंजूर करतं, साधनं कुणाची, ठेकेदार बदलले तरी माणसं तीच आहेत का. धोरणात निदान एवढं लिहा की ठेकेदार बदलल्यावर तेच कामगार पुढे घेतले जातील, त्यांची मूळ रुजू तारीख कायम राहील आणि नव्या ठेकेदाराला ‘रुजू करून घेण्याचे’ पैसे मागता येणार नाहीत.

प्रश्न : मैलाटाकी उपसताना माणूस उतरवायचाच नाही, हे मान्य. पण गाळ घट्ट झाला की यंत्र चालत नाही. मग काय? (स्वच्छता निरीक्षक)

हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गटार आणि मैलाटाकीत जोखमीच्या पद्धतीने माणूस उतरवण्याला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली आणि कायमचं अपंगत्व आल्यास किमान २० लाख ठरवली.

गाळ घट्ट होतो कारण टाकी दहा-दहा वर्षं उपसली जात नाही. म्हणून धोरणात दर तीन वर्षांनी उपसा आणि घरनिहाय नोंद आणा. घट्ट गाळावर जेटिंगने पाणी मारून तो सैल करायचा, मग शोषण यंत्र लावायचं. त्याला दोन-तीन फेऱ्या लागतात, तेवढा दर निविदेत धरा. एका फेरीचा दर दिला की चालक माणूस उतरवतो.

तपासणीसाठी झाकण उघडतानाही वायुमापक हवा : प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा भाग) खाली, आणि मोजमाप वर, मध्ये, तळाशी अशा तीन खोलींवर. काडी पेटवून पाहणं थांबवा, आत मिथेन असतो. वास येत नाही म्हणजे वायू नाही असंही नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला तो कळेनासा होतो. बहुतेक दुर्घटनांत पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसराही जातो. ‘कुणी पडला तरी खाली उतरायचं नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं’ ही सूचना टँकरवर मोठ्या अक्षरांत रंगवा, आणि खासगी टँकरवाल्यांच्या परवान्यातही घाला. घरमालकाने परस्पर बोलावलेल्या माणसाचा जीवही तुमच्याच हद्दीत जातो.

प्रश्न : मी ठेक्यावर घंटागाडीवर काम करते. मैत्रीण गरोदर राहिली तर तिला ‘नंतर ये’ म्हणून काढलं. ठेक्यावर बाळंतपणाची रजा नसते का? (महिला कामगार, कोल्हापूर)

असते, ताई. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असेल तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे आणि पुढच्या अपत्यासाठी १२ आठवडे भरपगारी रजा आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल तर ही रक्कम त्या योजनेचं महामंडळ देतं, पण त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी कालावधींत ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. त्या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार स्त्रियांना हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच मान्य केला. तुमच्या मैत्रिणीने मुख्याधिकारी किंवा आयुक्त आणि सरकारी कामगार अधिकारी अशा दोघांना लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. हजेरीचे फोटो, खात्यातल्या नोंदी, ओळखपत्र हे तिचे पुरावे.

धोरण लिहिणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात ठेका कामगारही येतात. अंतर्गत समितीत अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या सदस्य स्त्रिया, एक बाहेरची सदस्य आणि मुदत तीन वर्षं. समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन मुख्य इमारतीत लावून भागत नाही, प्रत्येक हजेरी शेडवर हवीत, कारण या बायका मुख्य इमारतीत वर्षातून एकदाही येत नाहीत. दुसरं, पहाटे साडेपाचला कामावर येणाऱ्या बाईला अकरापर्यंत शौचालय मिळत नाही म्हणून ती पाणी पीत नाही. प्रत्येक मार्गावर उघडं असणारं शौचालय नकाशावर दाखवा आणि त्याच्या चाव्यांची जबाबदारी नावानिशी द्या. तिसरं, हातमोजे आणि बूट बायकांच्या मापाचे घ्या. मोठे हातमोजे घसरतात, काच उचलताना काढून ठेवले जातात, आणि नंतर ‘दिले तरी वापरत नाहीत’ असा शेरा बसतो. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला धनुर्वाताची लस आणि हेपटायटिस बीचे तीन डोस (सुरुवातीला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी) पालिकेच्याच दवाखान्यात द्या.

प्रश्न : उन्हाळ्यात हजेरी पहाटे सहाऐवजी पाचला घेण्याचा आदेश काढला. युनियनने २१ दिवसांच्या नोटिशीचा मुद्दा काढला. पालिकेला तो लागू होतो का? (उपायुक्त, महानगरपालिका)

होतो. नागपूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १९६० सालीच सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचे बहुतेक विभाग ‘उद्योग’ या व्याख्येत येतात असं ठरवलं. कामाचे तास, विश्रांती, पाळ्या, रजा किंवा चालत आलेली सवलत बदलायची तर कामगारांना २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद कायम आहे. युनियनशी समझोता करून झालेल्या बदलाला मात्र ही नोटीस लागत नाही. उन्हाच्या वेळापत्रकाला सहसा विरोध नसतो. अडचण असते ती पहाटे बस नसण्याची आणि स्त्रियांना अंधारात यावं लागण्याची. फेब्रुवारीतच बैठक घ्या, वाहनाची सोय आणि शेडवरचे दिवे यांचा समझोत्यात उल्लेख करा, आणि १५ मार्च ते १५ जून असा काळ एकदाच ठरवून टाका. मग दरवर्षी नव्याने नोटीस काढावी लागणार नाही.